दुपारी बसणारा आय-फाइव्ह

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव, तालुक्याला असलेल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानापासून मोटरसायकलने पाऊण तासावर. गावाच्या तोंडाशीच जिनिंग आहे. जिनिंगसमोरचा रस्ता ओलांडला की टिनाच्या छपराचे दोन गाळे लागतात. एकात कृषी केंद्र, दुसऱ्यात ऑनलाइन कामांचं केंद्र. पाटीवर नाव काहीही असो, गाव त्याला ‘सेतू’च म्हणतं. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पोरांचे प्रवेश, सगळं तिथेच होतं. चालवणारा पोरगा तिशीतला, आयटीआय झालेला. तो शाळेत होता तेव्हापासून त्याला ओळखतो, म्हणून मी त्याला अरे-तुरे करतो, तो मला भाऊ म्हणतो.

त्याच्याकडे दोन कॉम्प्युटर. एक जुना, आय-थ्री २१००. हा प्रोसेसर २०११ मधला, दोन कोर (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), ३.१ गिगाहर्ट्झ. दुसरा मागच्या दिवाळीत शहरातून जोडून आणलेला, आय-फाइव्ह १०४००, दहाव्या पिढीचा. सहा कोर, मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ, आणि गरज पडली तर ४.३ पर्यंत उचल घेणारा. थोडं कर्ज काढूनच घेतला होता. तक्रार अशी की नवी मशीन जुनीपेक्षा हळू चालते.

असं कोणी म्हणालं की आमच्या धंद्यातला माणूस मनात हसतो. मीही हसलो. पुढे तीन महिने मला ते हसू पुरलं.

पहिल्यांदा गेलो तो फेब्रुवारीत. सकाळचे नऊ. त्याने आल्या-आल्या आपलं गणित मांडलं: “भाऊ, जुनीचे गिगाहर्ट्झ ३.१, नवीचे २.९. मंग जुनीच भारी नाही का? मले फसवलं त्यानं.” फसवलं नव्हतं, पण हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो, म्हणून त्याला मी काय सांगितलं ते इथे लिहितो.

गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीनशे कोटी ठोके. पण एका ठोक्यात काम किती उरकतं, ते या आकड्यात नाही. बैलजोडी किती झपाझप पावलं टाकते ते ठोके, आणि मागे जुंपलेल्या अवजाराला दाते किती, ते एका ठोक्यातलं काम. दोन दात्यांचं अवजार घेऊन पळणाऱ्या जोडीपेक्षा तीन दात्यांची तिफण घेऊन सावकाश चालणारी जोडी वावर आधी पेरून मोकळी होते. ही नुसती गंमत नाही, बाजारात घडून गेलेली गोष्ट आहे. इंटेलचा पेंटियम-४ हा २००४ पर्यंत ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला होता. ४ गिगाहर्ट्झचा काढायचा बेत त्याच वर्षी सोडून द्यावा लागला, कारण ठोके वाढवले की उष्णता आवरेना. २००६ मध्ये कोअर-टू ड्युओ आला, २.४ गिगाहर्ट्झचा, आणि त्याने ३.८ वाल्याला सहज मागे टाकलं. पेंटियम-४ च्या शेवटच्या घडणीत एक सूचना एकतीस टप्प्यांतून जायची. टप्पे बारीक, म्हणून ठोके जलद. पण पुढे काय लागणार याचा अंदाज चुकला की त्या लांबलचक रांगेतलं बरंचसं काम फेकून नव्याने सुरुवात करावी लागायची. म्हणून दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ समोरासमोर धरू नयेत. एकाच पिढीत, एकाच घडणीत धरावेत.

त्याला पटलं. “मंग हळू काहून चालते?”

तेव्हा त्या नव्या मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क होती. प्रोसेसरला आतल्या मेमरीतून काही आणायला सेकंदाचा एक-कोटीवा भाग लागतो, म्हणजे शंभरेक नॅनोसेकंद. फिरत्या डिस्कला तबकडी वळवून, काटा जागेवर नेऊन तेच आणायला दहाएक मिलिसेकंद लागतात, म्हणजे लाखपट. तेवढा वेळ प्रोसेसर हातावर हात धरून बसतो. दोष सापडला असं मला वाटलं. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली जलद डिस्क, टाकली, विंडोज नव्याने घातलं, पैसे घेतले, चहा पिऊन निघालो. मशीन अर्ध्या मिनिटात चालू होऊ लागली. पोरगा खूश.

ते काम चूक नव्हतं. पण त्याची तक्रार मशीन चालू व्हायला उशीर लागतो अशी नव्हतीच. ती मी नीट ऐकली नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोन. “भाऊ, सकाळी धावते, दुपारी बसूनच जाते.” मी फोनवरूनच सांगितलं, दुपारी पोर्टलवर गर्दी असते, नेट पाहा. त्याने नेट पाहिलं, ठीक होतं. पुन्हा गेलो, सकाळी साडेआठला. मशीन मस्त. व्हायरस तपासला, उगाच चालू राहणारे चार प्रोग्राम काढले, परत आलो. आठ दिवसांत पुन्हा फोन.

आता यात माझी चूक बघा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे अकरा ते पाच मोटरसायकलवर कोणी शहाणा माणूस निघत नाही. पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो. म्हणून मी प्रत्येक वेळी सकाळीच जायचो, आणि मशीन सकाळी ठणठणीत असायची. दुपारचा रोग मी सकाळी शोधत होतो.

दुसऱ्या खेपेला तिथे बाकावर एक म्हातारे बसले होते, हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा द्यायला आलेले, डोक्याला पांढरा दुपट्टा. आमचं बोलणं ऐकून पोराला म्हणाले, “काहून रे बाप्पा, तुह्या मशीनले ऊन लागलं काय? एक कांदा ठेवून दे त्याच्या पेटीत.” सगळे हसले. मी तर सगळ्यात जास्त. निदान तिथेच झालं होतं, आणि ते मोफत होतं.

मे महिन्यात शेवटी एकदा मुद्दाम दुपारी गेलो. अडीच वाजता पोचलो. केंद्रात दाखल्यांची गर्दी, दहावी-बारावीची पोरं आणि त्यांचे बाप. टिनाखाली भिंतीवरचा पंखा गरम हवा ढवळत होता. कुलर होता, पण लाईट गेलेली. दोन्ही कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, आणि कुलर इन्व्हर्टरवर चालत नाही. माझ्या मल्टिमीटरला तापमान मोजायची तार आहे. टेबलाजवळ ४२ अंश.

आता मशीन कुठे होती ते सांगतो. जुना कॉम्प्युटर टेबलावर उघडा, त्याच्या डब्याचं एका बाजूचं झाकण कधीचंच हरवलेलं. कोणी त्याची काळजी घेत नव्हतं. नवा मात्र टेबलाखाली, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेल्या प्लायच्या कपाटात, दार लावून. धूळ बसू नये म्हणून. महागाची वस्तू ना. मागच्या बाजूला वायरींपुरतं भोक. दार उघडून तार आत धरली: ५३ अंश.

टास्क मॅनेजर उघडायला सांगितला. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचा चालू वेग दिसतो. बहुतेक जण टक्केवारीचा आकडाच बघतात, शंभर टक्के दिसलं की ‘फुल्ल झालं’ म्हणतात. त्याच्या शेजारीच गिगाहर्ट्झ लिहिलेले असतात, ते बघायचे. तिथे ०.९८ होतं. आमच्या डोळ्यांदेखत ०.८० झालं. ४.३ ची उचल घेणारा आय-फाइव्ह एक गिगाहर्ट्झच्याही खाली येऊन बसला होता. तापमान दाखवणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून लावला: ९९, १००, ९९, १००.

शंभर अंश ही या प्रोसेसरची स्वतःची हद्द आहे. चिपमध्येच तापमान मोजायची सोय असते, आणि हद्द गाठली की प्रोसेसर जळून जाण्याऐवजी आपणच ठोके कमी करतो. थंड झाला की वाढवतो, तापला की पुन्हा उतरतो. यात बिघाड काहीच नाही. उन्हात चालणारा माणूस झाडाखाली टेकतो, तसंच हे. फक्त दाखल्याच्या रांगेत उभ्या असलेल्याला ते झाड दिसत नाही.

“मंग जुनी काहून नाही तापत?” पोराने बरोबर विचारलं. एक तर ती उघड्यावर होती. दुसरं असं की त्या आय-थ्रीला टर्बो, म्हणजे गरजेला मूळ वेगाच्या वर उचल घ्यायची सोय, नाहीच. ३.१ म्हणजे ३.१, सकाळी तेच, दुपारी तेच, आणि दोनच कोर असल्याने वीजही कमी खातो. दोघांच्या खोक्यांवर उष्णतेचा आकडा एकच, ६५ वॅट. पण नव्याचा ६५ हा मूळ २.९ च्या वेगाचा हिशोब आहे. टर्बोत काही सेकंद तो त्याच्या कितीतरी वर जातो. सकाळी थंड खोलीत त्या उचलीची मजा वाटते, दुपारी तीच उचल त्याला शंभराच्या हद्दीवर नेऊन आदळते.

इथे थोडं गणित, कारण सगळ्या प्रकरणाची गोम त्यातच आहे. हीटसिंक म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा आणि वरचा छोटा पंखा. तो थंडी तयार करत नाही. तो फक्त चिपची उष्णता भोवतालच्या हवेला देतो, आणि हवा जितकी थंड तितकी ती सहज जाते. ढोबळमानाने, ठराविक वॅट जळत असतील तर चिप ही भोवतालच्या हवेपेक्षा ठराविक अंशांनीच वर राहते. समजा हा फरक ४५ अंशांचा आहे. जानेवारीच्या सकाळी खोलीत २० अंश, तर चिप ६५ वर. आरामात. मेच्या दुपारी प्लायच्या कपाटात ५३ अंश, तर चिप ९८ वर, म्हणजे हद्दीला टेकलेली. मशीन तीच, काम तेच, पंखा तोच. फेब्रुवारीत मला काही दिसलं नाही याचं उत्तर एवढंच. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत बसून कोणी या प्रोसेसरची तारीफ लिहिली असेल तर ती खोटी नाही, पण ती त्या खोलीतली आहे.

पण नुसत्या हवेने ०.८० पर्यंत वेग उतरावा हे मला जरा जास्त वाटलं. मशीन बंद करून बाहेर काढली, टेबलावर आडवी पाडली, झाकण खोललं.

सीपीयूचा पंखा फिरत होता, पण त्याच्याखाली पाती दिसतच नव्हती. पंखा आणि पात्यांच्या मधे राखाडी-पांढरी एक चकती बसली होती. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कड उचलली तर ती अख्खी निघाली, गोधडीच्या तुकड्यासारखी, बोटभर जाड, पंख्याच्या मापाची गोल. हातात घेतली तर मऊ. उजेडात धरली तर तंतू दिसले. धूळ नव्हे, रुई! दिवाळीपासून समोरची जिनिंग चालू. रुईची लव हवेत तरंगते, दाराच्या फटीतून येते, आणि कपाटाच्या खालच्या फटीतून पंखा ती ओढून घेतो. त्यात मार्चपासून कुलरची ओलसर हवा. ओली लव आणि रस्त्याची धूळ मिळून चांगला नमदा झाला होता. धूळ लागू नये म्हणून केलेल्या कपाटाने धूळ आत येऊ दिली आणि बाहेर जाऊ दिली नाही.

दुसरी गोष्ट पाती साफ करताना सापडली. हा पंखा मदरबोर्डवर चार प्लास्टिकच्या खिळ्यांनी बसतो. खिळा दाबला की खालून ‘टक’ आवाज येऊन अडकतो. चारपैकी एक कोपरा हलत होता. म्हणजे ठोकळा चिपवर एका बाजूने किंचित उचललेला, आणि चिपची उष्णता ठोकळ्याला पोचवणारी मधली पेस्ट त्या बाजूला अर्धवटच पसरलेली. जोडणाऱ्याची घाई असेल, नाहीतर मोटरसायकलवर खड्ड्यातून आणताना सुटला असेल. मला ठरवता येत नाही, आणि पोराला मी शहरवाल्याशी भांडायला लावलं नाही. फेब्रुवारीत मी हेच झाकण उघडून डिस्क बदलली होती. तेव्हा त्या कोपऱ्याला बोट लावलं असतं तर तिथेच कळलं असतं.

या खेपेला झाकण खोलायच्या आधीपासूनच मी एक शिस्त पाळली, जी फेब्रुवारीतच पाळायला हवी होती: एका वेळी एकच बदल, आणि दर बदलानंतर एकच काम मोजायचं. काम त्याच्या रोजच्यातलंच घेतलं. चाळीस पानांचा स्कॅन केलेला गठ्ठा लहान करून एक पीडीएफ बनवायची. पोर्टलं फाइलच्या आकाराला मर्यादा घालतात, त्यामुळे हे काम दिवसातून पंचवीसदा होतं. मोबाइलमधलं घड्याळ लावलं. पोरंही भोवती जमली, दाखले विसरून.

दुपारी कपाटात, आहे तशी मशीन: २ मिनिटं ५० सेकंद. जुना आय-थ्री: १ मिनिट २५ सेकंद. पोरगा खरं बोलत होता! नवी जुनीच्या दुप्पट वेळ घेत होती, आणि मी तीन महिने त्याला नेट बघायला सांगत होतो.

नुसती कपाटाबाहेर काढून टेबलावर ठेवली, रुई तशीच: २ मिनिटं ५. रुई काढली, पेस्ट बदलली, चारही खिळे टक-टक बसवले: ४२ सेकंद, तापमान ८८. पोराने ते तीनदा करून बघितलं.

आता राहिली मेमरी, म्हणजे रॅम. मशीनमध्ये ८ जीबीची एकच पट्टी होती, डीडीआर-फोर २६६६ या प्रकारची. हा प्रोसेसर मेमरीशी दोन रस्त्यांनी बोलू शकतो. पट्टी एक, तर रस्ता एक, सेकंदाला २१ जीबीच्या आसपास. दोन पट्ट्या लावल्या तर दुप्पट. कागदावर फरक मोठा दिसतो. माझ्याकडे तशीच एक पट्टी होती, लावून पाहिली: ४२ चे ४१ झाले. कारण या कामाला लागणारी माहिती बरीचशी प्रोसेसरच्या आतल्या कॅशमध्येच मावते. कॅश म्हणजे प्रोसेसरची अगदी हाताशी ठेवलेली छोटी, जलद मेमरी. सगळ्यात जवळच्या कप्प्यातून वस्तू चार-पाच ठोक्यांत मिळते, शेवटच्या कप्प्यातून चाळीसेक ठोक्यांत, आणि बाहेरच्या मेमरीतून आणायची तर दोनशेच्या वर. टेबलाच्या ड्रॉवरमधला शिक्का, कपाटातलं रजिस्टर, आणि तलाठ्याकडून आणायचा कागद, असा तो फरक. जुन्यात ही कॅश ३ एमबी, नव्यात १२. नवा जुन्यापेक्षा पळतो त्यात या १२ चाही वाटा आहे. ब्राउझरच्या वीस-पंचवीस खिडक्या उघड्या असल्या की दुसऱ्या पट्टीचा उपयोग होतो, म्हणून ती मी राहू दिली. पण ‘रॅम वाढवा, मशीन पळेल’ हे जे सरसकट औषध आमच्या धंद्यात देतात, ते इथे एका सेकंदाचं निघालं.

कोरचंही तसंच. पोराला वाटत होतं, सहा कोर म्हणजे सहापट. पराटी वेचायला सहा बाया लावल्या तर कापूस भराभर वेचला जाईल, पण संध्याकाळी काटा एकच आहे. सगळ्यांचं वजन त्या एकाच काट्यावर, एकामागून एक. कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तो शेवटी सगळ्यांना अडवतो. जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्येच हे मांडलं होतं. काम निम्मं वाटता येण्यासारखं आणि निम्मं न येण्यासारखं असेल, तर सहा कोर लावूनही वेग पावणेदोन पटीपर्यंतही जात नाही. फॉर्मचं वेबपान उघडणं, रकाने तपासणं ही कामं बहुतेक एका कोरवरच चालतात. सेतूवाल्याला सहा कोरपेक्षा एक दमदार कोर जास्त कामाचा. पुढच्या वेळी त्याला मी चार कोरवालाच घ्यायला सांगेन, उरलेल्या पैशात इन्व्हर्टरची बॅटरी येईल.

व्होल्टेजचंही बघितलं, कारण कृषी केंद्रवाल्याचा ठाम दावा होता की दुपारी व्होल्टेज पडतं म्हणून मशीन पडते. लाईट आल्यावर मोजलं, १९६ होतं, २३० पाहिजे तिथे. कुलर त्याने खरंच मंद फिरत होता. पण कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आतल्या भागांना ठराविक १२ व्होल्टच देतो, बाहेर थोडं कमी-जास्त झालं तरी. तिथे १२ भरलेच. प्रोसेसरच्या वेगाशी त्याचा थेट संबंध नव्हता. आडून मात्र होता: कुलर मंद, तर खोली गरम, तर प्रोसेसर गरम. कृषी केंद्रवाल्याने त्यातलं ‘संबंध होता’ एवढंच ऐकलं.

४२ सेकंदांवर मी बॅग भरायला घेतली. तेवढ्यात लाईट पुन्हा गेली. कुलर थांबला. पोराने न थांबता एकामागून एक गठ्ठे टाकले. पंधरा मिनिटांनी तापमान ९७, मग ९९, आणि वेग पुन्हा खाली घसरायला लागला. पहिल्याइतका नाही, २.३ पर्यंत, पण वर-खाली, वर-खाली. वेळ कधी ५०, कधी ७०.

मग उलटा उपाय केला. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरचा कमाल वापर १०० टक्के असतो, तो ९९ केला. एका टक्क्याने काय होणार, असं वाटतं. पण या एका टक्क्याने टर्बो बंद होतो, आणि प्रोसेसर मूळ २.९ च्या वर जातच नाही. उष्णता ठोक्यांच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वरच्या वेगाला चिपला व्होल्टेजही जास्त द्यावं लागतं, त्यामुळे शेवटचे गिगाहर्ट्झ फार महाग पडतात. समजा ४ वरून २.९ वर आलो आणि व्होल्टेज पंधरा टक्के उतरलं, तर उष्णता जवळपास निम्म्यावर येते, वेग मात्र चौथ्या हिश्शाहून थोडाच जास्त कमी होतो. मोजलं: ५५ सेकंद, तापमान ७४. पुन्हा, ५५. दहाव्यांदा, ५५. पंख्याचा आवाजही बसला. लाईट नसताना इन्व्हर्टरही जास्त टिकणार, ते वेगळंच.

“म्हंजे हळू केली तं लवकर झाली?” पोरगा म्हणाला. बाकावरच्या एका बाईने मान डोलावली, मला वाटतं तिला ते आधीच माहीत होतं.

त्याने दोन पॉवर प्लॅन करून घेतले. एक टर्बोसकट, एक टर्बोविना. नावं त्यानेच दिली: ‘सकाळ’ आणि ‘दुपार’. प्लायच्या कपाटाचं दार काढलं, मशीन जमिनीवरून टेबलावर आली, पुढच्या जाळीवर कुलरच्या गवताखालची उरलेली बारीक जाळी कापून लावली. ती महिन्यातून एकदा काढून झटकायची, आणि जिनिंग चालू असेल तेव्हा दर आठवड्याला. फवारणी पंपाची हवा मारायची नाही, त्यात ओल असते. सायकलच्या पंपाने मारायची, आणि त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवायचा. या फेरीचे मी फक्त पेट्रोलचे आणि पट्टीचे पैसे घेतले. फेब्रुवारीच्या पैशांची मला लाज वाटत होती, ती तशीच ठेवली.

ती रुईची चकती पोराने टाकली नाही. गिऱ्हाइकांना दाखवायला काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. हयातीच्या दाखल्याचे म्हातारे पुन्हा आले तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन चोळून पाहिली, आणि रुई कोणत्या वाणाची असेल यावर बरंच बोलले. कांद्याचा विषय निघाला नाही, म्हणून मी हळूच काढला. त्यांना आठवतच नव्हतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पीक विम्याची मुदत संपत आलेली असताना, रात्री दहाला त्याचा फोन आला. मागे गर्दीचा आवाज, पाऊस टिनावर वाजत होता. मी काही विचारायच्या आधीच तो बोलू लागला: “भाऊ, तसा फोन नाही केला. फक्त सांगतो. ‘सकाळ’वर हाय, ४.१ दाखवते, तापमान ६१. जाळी काल झटकली. मशीन माही बरोबर हाय, आता साइटच बसली.”